बुकित तिमाचा माथा आणि त्याखालचे रान

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला 163.63 मीटर उंचीच्या टेकडीला डोंगर म्हणणे जरा जड जाते. परंतु सिंगापूरच्या बेटावर निसर्गाने घडवलेले याहून उंच ठिकाण नाही, त्यामुळे बुकित तिमाला तिथे डोंगराचा सगळा मान मिळतो. शनिवार-रविवारी सकाळी पायथ्यापासून निघणाऱ्या डांबरी चढावर माणसांची रीघ लागते, हिमालयातल्या ट्रेकची तयारी करणारे पाठीवर ओझी घेऊन तोच चढ पुन्हा पुन्हा चढत-उतरत असतात, आणि त्या गर्दीत मराठीही कानावर पडते. माथ्यावर उंचीचा आकडा मिरवणारा एक मोठा दगड आहे. त्याच्याजवळ फोटो काढायचा, घाम पुसायचा आणि उतरायला लागायचे. बुरूज नाही, देऊळ नाही, पिठलं-भाकरी तर नाहीच, आणि दूरवरचे दृश्य बरेचसे झाडांनीच झाकलेले. ‘वर पाहण्यासारखे काही नाही’ ही तक्रार मी आपल्या लोकांकडूनच अधिक ऐकली आहे. गड चढण्याची सवय लागलेल्या पायांना माथ्यावर काहीतरी बक्षीस हवे असते, हे समजण्यासारखे आहे. पण ही टेकडी पाहायची ती वाटेच्या दोन्ही अंगांना, आणि शक्य तितक्या सावकाश.

या राखीव रानाचे क्षेत्र सुमारे 163 हेक्टर, म्हणजे उंचीच्या आकड्याशी गमतीने जुळणारे. त्यातल्या अवघ्या दोन हेक्टरांत 1993 पासून अभ्यासक झाड अन् झाड मोजत आले आहेत, आणि तेवढ्या तुकड्यात त्यांना तीनशेहून अधिक जातींची झाडे सापडली आहेत. त्यामुळे इथे एक झाड नीट ओळखून पुढे निघावे, तर तेच झाड पुन्हा भेटेपर्यंत बरीच अनोळखी मंडळी वाटेत येतात. अंगावर आकडे घेऊन वर चढणारे वेत मात्र लवकर ओळखीचे होतात, कारण ते शर्टाची बाही सोडत नाहीत.

एवढे रान उरले, हेच खरे तर नवल आहे. एकोणिसाव्या शतकात बेटावर गांबीरच्या मळ्यांची लाट आली होती. गांबीरची पाने उकळून काढलेला अर्क चामडे कमावायला लागे. शिवाय आपल्याकडे पानात खैराचा कात पडतो, त्या जागी तिकडे गांबीर वापरत. मळ्यासाठी जंगल तुटे, पाने उकळायला सरपण लागे म्हणून आणखी तुटे, आणि काही वर्षांत जमीन निकस झाली की मळेवाला पुढच्या जंगलाकडे वळे. 1854 मध्ये ब्रिटिश निसर्ग-अभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस बुकित तिमाला मिशनऱ्यांकडे उतरला, तेव्हा आसपास लाकूडतोडे कामाला लागलेले होते. ताज्या कापलेल्या ओंडक्यांवर आणि भुश्शावर कीटक जमत, आणि वॉलेसने काही आठवड्यांत सुमारे 700 जातींचे भुंगेरे गोळा केले. त्याचा तो समृद्ध संग्रह काही अंशी कुऱ्हाडीमुळेच साधला, हा विरोधाभास मला नेहमी अस्वस्थ करतो. 1883 मध्ये ही टेकडी राखीव झाली. पुढे तिच्या कुशीत ग्रॅनाइटच्या खाणी चालल्याच, पण रान टिकले.

या रानाचे खरे मानकरी म्हणजे सेराया, आपल्या सालाच्या कुळातले उंच वृक्ष. एका सेरायाखाली उभे राहून वर पाहिले, तर पहिली फांदी कुठे फुटते हे शोधतानाच मान अवघडते. इथे पाऊस बाराही महिने पडतो. पळस फुलला म्हणजे फाल्गुन आला, असा हिशेब इथली झाडे मांडू देत नाहीत. सेराया कित्येक वर्षे गप्प राहतो आणि मग एखाद्या वर्षी त्याचे भाईबंद एकदमच फुलतात, पंख असलेली फळे गरगरत खाली येतात. बी खाणाऱ्यांनी कितीही खाल्ले तरी काही रुजायला उरावे, अशी ती उधळण असते. सात वर्षांनी फुलणाऱ्या कारवीचा सोहळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यातले गणित सांगावे लागणार नाही. फरक एवढाच, की सेराया वर्षांची मोजणी पाळत नाही.

पण उधळण झाली तरी रुजायला जागा हवी. 1986 मध्ये झालेल्या द्रुतगती मार्गाने ही टेकडी बेटाच्या मध्यभागातल्या मोठ्या जंगलापासून तोडली. 2013 मध्ये त्या रस्त्यावरून केवळ वन्यजीवांसाठी 62 मीटर लांबीचा पूल बांधून त्यावर झाडे लावली गेली, आणि खवल्या मांजरासारखे प्राणी त्यावरून जाऊ लागले. सेराया मात्र पाय नसलेला. त्याचे जड फळ पंख असूनही सहसा आईच्या आसपासच पडते, आणि तिथेच आपल्या बुटांच्या टाचा असतात. म्हणूनच 2014 ते 2016 या काळात उतार सावरण्यासाठी आणि वाटा दुरुस्त करण्यासाठी टेकडी आधी पूर्ण आणि मग अंशतः बंद ठेवली, ते मला योग्य वाटते. अनेकांना आपला शनिवार बुडाल्याचे दुःख झाले होते. रोपांना उसंत हवी असेल, तर टेकडी पुन्हा बंद करावी. जिने चढण्याची हौस भागवायला सिंगापुरात उंच इमारतींची वाण नाही.