गव्हर्नर आत्ता कोण? : माझं नागरिकत्व आणि २०१६चा उन्हाळा

अमेरिकन नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी शंभर प्रश्नांची यादी मिळायची. मुलाखतीत त्यातले दहापर्यंत विचारायचे, सहा बरोबर आले की पास. २०१६च्या सुरुवातीला अर्ज भरला आणि डबा खाता खाता ती यादी घोकायला लागले. बरीचशी उत्तरं दगडावर कोरलेली : सिनेटर किती, घटना कधी लिहिली. पण काही प्रश्नांत ‘आत्ता’ असायचं. उपाध्यक्ष आत्ता कोण? जो बायडन. तुमच्या राज्याचा गव्हर्नर आत्ता कोण? माइक पेन्स.

आम्ही इंडियानातल्या कोलंबसला राहतो. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचं मुख्यालय इथलं, त्यामुळे पुण्याची माणसं भरपूर. दुकानाच्या रांगेत ‘तुम्ही कोथरूडला कुठे?’ ऐकू येणं नवलाचं नाही. पेन्स याच गावात जन्मलेले. म्हणून त्यांच्याबद्दल गावात प्रत्येकाला काही ना काही मत होतंच, आणि त्या वर्षी ते फारसं बरं नव्हतं. २०१५च्या मार्चमध्ये त्यांनी धार्मिक स्वातंत्र्याच्या नावाने एका कायद्यावर सही केली. त्याआडून समलिंगी गिऱ्हाइकांना दुकानदार नकार देतील, अशी ओरड झाली. कमिन्ससकट मोठमोठ्या कंपन्या विरोधात उतरल्या आणि आठवड्याभरात कायद्यात दुरुस्ती करावी लागली. उदारमतवादी आधीच रागावलेले, आता माघार घेतली म्हणून कडवे धार्मिकही नाराज. नोव्हेंबरमध्ये गव्हर्नरपदासाठी गाठ पुन्हा डेमोक्रॅट जॉन ग्रेग यांच्याशी, ज्यांना २०१२मध्ये त्यांनी थोडक्यात हरवलं होतं.

३ मेला इंडियानाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारं मतदान झालं. मी अजून ग्रीन कार्डवाली, म्हणजे नुसती प्रेक्षक. रिपब्लिकन उमेदवारीसाठी पेन्स यांनी ट्रम्प यांचे प्रतिस्पर्धी टेड क्रूझ यांना पाठिंबा दिला होता, तोही ट्रम्प यांचं कौतुक करत, जपून जपून. क्रूझ यांनी तर आठवडाभर आधी कार्ली फिओरिना यांना उपाध्यक्षपदाच्या जोडीदार म्हणून जाहीरही करून टाकलं होतं. उमेदवारी हातात नसताना जोडीदार! त्या रात्री ट्रम्प जिंकले आणि क्रूझ मैदानातून बाहेर पडले.

जूनमध्ये मुलाखत झाली. अधिकाऱ्याने गव्हर्नरचा प्रश्न विचारलाच. पास झाले, शपथविधीची तारीख पत्राने कळवू, म्हणाले. मधले आठवडे मी बातम्यांवर काढले, कारण तेव्हा सगळ्यांचं एकच चाललं होतं : उपाध्यक्षपदासाठी ट्रम्प कोणाला घेणार?

एरवी हा प्रश्न सोपा असतो. इच्छुक ढीगभर, त्यातून आपल्यात जे नाही ते भरून काढणारा निवडायचा. पण उमेदवारच वादग्रस्त असला की यादी स्वतःहून आखडते. सिनेटर बॉब कॉर्कर यांनी जुलैच्या सुरुवातीला नाव मागे घेतलं, जोनी अर्न्स्ट यांनीही अंग काढून घेतलं. उरले ख्रिस ख्रिस्टी, न्यूट गिंग्रिच आणि पेन्स. ख्रिस्टी सरकारी वकील असताना ट्रम्प यांचे जावई कुश्नर यांच्या वडिलांना तुरुंगात जावं लागलं होतं, तेव्हा घरातूनच अडचण. गिंग्रिच हुशार, पण स्वभावाने दुसरे ट्रम्पच. ट्रम्प आणि गिंग्रिच, दोघांचीही तीन-तीन लग्नं झालेली. चर्चला जाणाऱ्या मतदाराला यातून काय दिलासा मिळणार?

बाबांचा पुण्याहून फोन आला. “अगं, पण पक्षाची बैठक नाही, श्रेष्ठी नाहीत, एकटाच ठरवतो?”

“अधिवेशन शिक्का मारतं, बाबा. पण ठरवतो तोच.”

“आपल्याकडे खासदार मतदान करून उपराष्ट्रपती निवडतात. तिथे उद्या याला काही झालं तर तोच अध्यक्ष. आणि कोणी विचारायचंसुद्धा नाही?”

विचारतात, पण वकील. कागदपत्रं, कर, जुनी भाषणं सगळं उकरून काढतात. १९७२मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार मॅकगव्हर्न यांनी घाईत ईगलटन यांना जोडीदार म्हणून घेतलं, त्यांनी मानसिक आजारासाठी विजेचे झटके घेतल्याचं बाहेर आलं आणि तीन आठवड्यांच्या आत त्यांना बदलावं लागलं. तेव्हापासून हे उकरणं वाढलं. बाबांचं समाधान झालं नाही. माझंही नव्हतं झालं.

१२ जुलैला इंडियानातल्याच वेस्टफिल्डला ट्रम्प यांची सभा होती, पेन्स सोबत. हे तुमचे गव्हर्नर राहतील की उपाध्यक्ष होतील कोणास ठाऊक, अशा अर्थाचं ट्रम्प बोलले. मग विमान बिघडलं म्हणून मुक्काम इंडियानापोलिसलाच, आणि दुसऱ्या दिवशी ट्रम्प कुटुंबीय गव्हर्नरच्या बंगल्यावर न्याहारीला. इंडियानात एकाच वेळी दोन्ही पदांसाठी उभं राहता येत नाही, आणि गव्हर्नरपदाच्या उमेदवारीतून नाव काढण्याची मुदत होती १५ जुलै, दुपारी बारा. १४ तारखेला फ्रान्समध्ये नीसचा हल्ला झाला, घोषणेचा कार्यक्रम पुढे ढकलला गेला. ट्रम्प यांचं मन डळमळतंय अशाही बातम्या आल्या. शेवटी १५ला सकाळी अकराच्या सुमारास ट्वीट आलं : पेन्स.

लोक म्हणाले, ट्रम्प यांनी पेन्सना निवडलं. इथे राहून मला उलटंही तितकंच खरं वाटलं. घरच्या मैदानात पाय घसरत असलेल्या माणसाला ही सुटकेची वाट होती. ज्याचं आसन पक्कं होतं त्याला हा धोका पत्करायची गरज नव्हती, म्हणून तसे लोक आधीच बाजूला झाले. जो ‘हो’ म्हणू शकत होता आणि ज्याचा उपयोगही होता, असा एकच उरला.

उपयोग किती, ते शेजारच्या बाईंनी सांगितलं. दर रविवारी चर्चला जाणाऱ्या. “ट्रम्प मला पटत नाहीत, पण माइक आहे ना सोबत,” म्हणाल्या. ऑक्टोबरमध्ये ट्रम्प यांच्या बायकांविषयीच्या बोलण्याची टेप बाहेर आली. आपण त्याचं समर्थन करू शकत नाही, असं पेन्स म्हणाले, पण जागचे हलले नाहीत. शेजारीणबाईही हलल्या नाहीत.

माझा शपथविधी सप्टेंबरमध्ये झाला. बाहेर पडताच स्वयंसेवकांनी मतदार नोंदणीचा अर्ज हातात दिला. तिथेच उभ्याने भरला. ८ नोव्हेंबरला फोटो ओळखपत्र घेऊन गेले. मतपत्रिकेवर दोन नावं एका चौकटीत, एक हवा आणि दुसरा नको असं करता येत नाही. मी ती चौकट सोडून दुसरी निवडली. इंडियाना ट्रम्प यांनी सहज जिंकलं.

२०२१च्या ६ जानेवारीला याच पेन्सनी ट्रम्प हरलेल्या २०२०च्या निवडणुकीची संसदेतली मतमोजणी अडवायला नकार दिला, त्यामुळे २०२४ला जोडीदार नवा शोधावा लागला. पुन्हा १५ जुलैच. पण आता चर्चच्या मतदाराची समजूत काढायची नव्हती, तो केव्हाच पक्का झाला होता. सिनेटर मार्को रुबिओ यांच्या नावाची चर्चा होती, पण तेही फ्लोरिडाचे आणि ट्रम्पही. घटनेनुसार फ्लोरिडाच्या तीस इलेक्टर्सना (राज्याच्या वतीने अध्यक्ष निवडणाऱ्यांना) आपल्याच राज्यातल्या दोघांना मत देता येत नाही, म्हणजे एकाला पत्ता बदलावा लागला असता. शेवटी निवडले गेलेले ओहायोचे सिनेटर जे. डी. व्हान्स यांच्याबाबत ती कटकट नव्हती, आणि पेन्स यांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे त्यांनी मुलाखतींमधून आधीच सांगून ठेवलं होतं.