विकलांचा हिशेब: प्रवासी माउंट निवडताना आणि मांडताना

पहिला ट्रॅकर, म्हणजे आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवून तारे चित्रात स्थिर ठेवणारे छोटे माउंट, घेताना मी एकच आकडा पाहिला होता, तो म्हणजे त्याला पेलवणारे वजन. कॅमेरा, लेन्स आणि बॉल हेड (कॅमेरा हवा तसा वळवणारा सांधा) मिळून अडीच किलो भरत होते आणि ट्रॅकरची क्षमता पाच किलोंची होती. तेव्हा निम्मी क्षमता राखून ठेवल्याने खरेदी सावधपणे झाली, असे मला वाटले. पुढे २०० मिलिमीटरच्या लेन्सने दोन-दोन मिनिटांची चित्रे घेतली, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच चित्रांत तारे लंबगोल आले आणि बाकीच्यांत अगदी टिंबासारखे. वजनाने बिघडले असते, तर असे आलटून पालटून बिघडले नसते.

खरेदीपूर्वी विचारायला हवे होते ते हे, की माझ्या चित्रात किती विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) चूक खपून जाईल. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घेऊन त्याला २०६ ने गुणावे आणि लेन्सच्या नाभीय अंतराने, म्हणजे मिलिमीटरमधल्या आकड्याने भागावे, की एक पिक्सेल आकाशाच्या किती विकला व्यापतो ते कळते. ४ मायक्रॉनच्या पिक्सेलला २०० मिलिमीटरच्या लेन्सवर हे उत्तर सुमारे ४ विकला येते आणि २४ मिलिमीटरच्या लेन्सवर ३४ विकला. पृथ्वीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत पूर्ण होत असल्यामुळे खगोलीय विषुववृत्तालगतचा तारा दर सेकंदाला १५ विकला सरकतो. ही गती माउंटने भरून काढायची आणि तीही या चार विकलांच्या आत राहून!

छोट्या ट्रॅकरची अडचण त्याच्या वर्म गिअरमध्ये, म्हणजे मळसूत्री दांड्याने (वर्मने) दातेरी चक्र फिरवणाऱ्या यंत्रणेत असते. मुख्य चक्राला १४४ दाते असतील, तर वर्मची एक फेरी सुमारे १० मिनिटांत होते आणि त्या फेरीत ट्रॅकर कधी किंचित पुढे धावतो, कधी मागे रेंगाळतो. समजा हा झोका दोन्ही बाजूंना २५ विकलांचा आहे. मग त्याच्या मधल्या टप्प्यात एका मिनिटातच १५ विकलांची चूक साचते, तर दोन्ही टोकांशी ती जवळजवळ थांबलेली असते. माझी काही चित्रे नेटकी आणि काही फसलेली का, याचे उत्तर इथे होते. अशा ट्रॅकरवर ५० मिलिमीटरपर्यंतची लेन्स निर्धास्त लावावी. १३५ च्या पुढे जायचे असेल, तर एक्सपोजर लहान ठेवावे किंवा ऑटोगायडिंग (दुसऱ्या कॅमेऱ्याने तारा पाहून माउंटची चूक आपोआप सुधारणारी सोय) जोडावे.

हार्मोनिक ड्राइव्हचे, म्हणजे लवचीक दातेरी कड्याच्या गिअरचे माउंट आता प्रवासासाठी लोकप्रिय झाले आहेत आणि ते योग्यच आहे, कारण पाच किलोंच्या आसपासचे माउंट काउंटरवेटशिवाय (तोल साधणाऱ्या वजनाशिवाय) लहान दुर्बीण सहज पेलते. मात्र त्यांच्या गिअरचीही आवर्ती चूक असते आणि गायडिंगवाचून दुर्बिणीने लांब एक्सपोजर घेता येत नाहीत. म्हणजे गाइड कॅमेरा, छोटा संगणक आणि बॅटरीही पिशवीत आलीच. माउंटचे वजन मोजताना हा लवाजमा मोजायला आपण सोयीस्कर विसरतो.

मांडणीची सुरुवात ट्रायपॉडपासून करावी. पाय फार उंचावू नयेत, मधला दांडा तर मुळीच वर काढू नये आणि एक पाय ध्रुवाच्या दिशेला ठेवावा, कारण माउंटचा भार त्याच बाजूला झुकतो. काउंटरवेट नसेल, तर ही काळजी दुप्पट घ्यावी. ट्रायपॉड समपातळीत नसला, तरी ध्रुव साधता येतो, म्हणजे माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखता येतो. पण समपातळीत असल्यास उंचीचा स्क्रू फक्त उंची बदलतो आणि दिशेचा फक्त दिशा, त्यामुळे बराच त्रागा वाचतो.

माउंटच्या अक्षाची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी ठेवून मग पोलर स्कोपमधून, म्हणजे अक्षाच्या दिशेने पाहणाऱ्या छोट्या दुर्बिणीतून नेमकी जुळवणी करायची. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सुमारे ३८ कला (एक कला म्हणजे ६० विकला) दूर आहे आणि तो ध्रुवाभोवती फिरतो. म्हणून त्याला मध्यभागी न आणता त्या वेळेसाठी ॲपने दाखवलेल्या जागी बसवावे लागते. अक्ष एक कला चुकला, तर तारे तासाला जास्तीत जास्त १६ विकला सरकतात. त्या हिशेबाने थेट ध्रुवताऱ्यावर अक्ष रोखला, तर मिनिटाला १० विकलांची चूक होते, जी २४ मिलिमीटरच्या लेन्सला दोन-तीन मिनिटे कळतही नाही आणि २०० च्या लेन्सला लगेच खटकते. स्क्रू घट्ट करताना जुळवणी हमखास हलते, त्यामुळे कॅमेरा चढवून सगळे आवळल्यावर पोलर स्कोपमधून पुन्हा एकदा पाहावेच.

त्यानंतर एक चाचणी-चित्र घेऊन ते पूर्ण मोठे करावे. तारे पूर्व-पश्चिम लांबले असतील आणि दर चित्रात कमी-जास्त होत असतील, तर दोष गिअरचा. उत्तर-दक्षिण दिशेने एकसारखे सरकत असतील, तर ध्रुवजुळवणीचा. आणि ट्रॅकर बंद असताना उमटतील त्याच्या दुप्पट लांबीच्या रेषा आल्या, तर स्क्रूंना हात न लावता उत्तर की दक्षिण गोलार्ध हे ठरवणारे बटण पाहावे, कारण ट्रॅकर उलटा फिरत असतो. एकदा तासभर जुळवणी सुधारत बसल्यावर मला ते दक्षिणेकडे सरकलेले सापडले होते.