रिकामी फाइल, भरलेली डिस्क

सोमवार, रात्री १२.५०

झोपायला जाणार तोच फोनवर इशारा आला: कॅश सर्व्हरची डिस्क ९६ टक्के भरली. आधी विश्वासच बसेना. त्या मशीनवर भरण्यासारखं आहेच काय? व्हार्निश, म्हणजे साइटची तयार पानं साठवून झटपट देणारा प्रोग्रॅम, सगळी कॅश मेमरीत ठेवतं, डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टम आणि लॉग (नोंदींच्या फाइल्स), बस्स.

५० जीबीची डिस्क. डिस्क किती भरली ते सांगणारं डीएफ म्हणतं ४८ वापरात आहेत. फाइल्सचा आकार मोजणाऱ्या डीयूनं एकेक फोल्डर मोजून घेतला तर बेरीज १३ च्या पुढे जाईना. मधले ३५ जीबी गेले कुठे? तात्पुरत्या फाइल्स पाहिल्या, पॅकेजांचा साठा पाहिला, सिस्टमडीचं (मशीनवरच्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं) जर्नल पाहिलं. काखेत कळसा असताना अर्धा तास गावाला वळसा घालत होते, कारण लॉगच्या फोल्डरवर मी पहिल्याच नजरेत फुली मारली होती. तिथे व्हार्निशएनसीएसएची, म्हणजे साइटवरच्या प्रत्येक मागणीची ओळ ॲक्सेस लॉगमध्ये लिहिणाऱ्या लॉगरची, आजची फाइल शून्य बाइट, कालची शून्य बाइट आणि त्यामागच्या सहा झिप फाइल्स प्रत्येकी काही डझन बाइटच्या. "इथे काहीच नाही" म्हणून पुढे गेले. साइट जोरात चालू असताना ॲक्सेस लॉग रिकामा कसा, हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

शेवटी उघड्या फाइल्सची यादी देणाऱ्या एलएसओएफला विचारलं: नाव पुसलं गेलंय पण अजून उघड्या आहेत अशा फाइल्स दाखव. एकच ओळ आली. व्हार्निशएनसीएसए, ३५ जीबी, शेवटी कंसात "डिलीटेड".

लिनक्समध्ये फाइल वेगळी आणि तिचं नाव वेगळं. नाव पुसलं तरी कुणी ती उघडी धरून बसलं असेल तोवर डिस्कवरची जागा सुटत नाही. डीयू नावांवरून मोजतं, डीएफ फाइलसिस्टमचा हिशेब सांगतं, म्हणून दोघांचं जमेना.

हात शिवशिवत होता, पण जुनी फाइल सोडून नवी उघडायला लावणारा सिग्नल लॉगरला लगेच दिला नाही. लॉगरनं ती फाइल सोडली की तीन आठवड्यांच्या नोंदी कायमच्या गेल्या असत्या. प्रॉकमध्ये (चालू प्रोग्रॅमांची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरात) त्या प्रोसेसच्या, म्हणजे चालू लॉगरच्या, एफडी फोल्डरात अजून तिचं एक दार उघडं असतं. तिथून वाचून, वाटेतच दाबून, दुसऱ्या मशीनवर प्रत पाठवली. मग तो सिग्नल, हप. ९६ चे एका क्षणात २६ टक्के झाले आणि शून्य बाइटच्या फाइलमध्ये ओळी सरसरत यायला लागल्या.

या सगळ्यात साइट एकदाही अडखळली नाही.

मंगळवार

कारण सापडलं. दोष माझाच.

तीन आठवड्यांपूर्वी लॉगरची युनिट फाइल (तो कसा चालवायचा हे सिस्टमडीला सांगणारी) मी नव्यानं लिहिली. आधी तो स्वतःच पार्श्वभूमीला जायचा आणि आपला प्रोसेस क्रमांक एका पीआयडी फाइलमध्ये लिहून ठेवायचा. आता सिस्टमडी त्याला थेट सांभाळतं, पीआयडी फाइल बनतच नाही. रोज रात्री जुना लॉग बाजूला करून नवा सुरू करणाऱ्या लॉगरोटेटच्या पोस्टरोटेटमध्ये (ते झाल्यावर चालवायच्या कमांडांत) मात्र जुनीच ओळ: पीआयडी फाइल असेल तर त्यातल्या क्रमांकाला हप पाठव. नसेल तर? काही नाही. चूक नाही, तक्रार नाही, शांतता.

म्हणजे पहिल्या रात्री फाइलचं नाव बदललं, आणि लॉगर त्याच फाइलमध्ये लिहीत राहिला, कारण तो नाव धरून चालत नाही. दुसऱ्या रात्री जीझिपनं ती दाबली आणि मूळ फाइल पुसली. लॉगर तरीही लिहितोय! लॉगरोटेटचा "डिलेकंप्रेस" पर्याय दाबण्याआधी एक दिवसाची सवलत देतो ती याचसाठी, की जुनी फाइल सोडायला कुणाला जरा वेळ लागला तर लागू दे. आमच्या पठ्ठ्यानं ती वर्षभर सोडली नसती. पुढे रोज रात्री लॉगरोटेट रिकाम्या फाइल्स इमानेइतबारे गुंडाळत राहिलं आणि आठवड्याभरात शेवटची भरलेली झिपही मुदत संपून गेली.

पोस्टरोटेटमध्ये आता "सिस्टमसीटीएल रीलोड" ही सिस्टमडीला द्यायची कमांड लिहिलीय. युनिटमध्ये रीलोडचा अर्थ हप पाठवणं असाच दिलाय. हप म्हणजे हँग अप. टर्मिनल फोनच्या तारेवरून जोडलेले असायचे, तार तुटली की हा सिग्नल यायचा. पार्श्वभूमीतल्या प्रोसेसला टर्मिनलच नसतं, म्हणून मोकळ्या पडलेल्या सिग्नलला "फाइल पुन्हा उघड" हे काम मिळालं. पाठवायचा मात्र "किल" या कमांडनं. नवख्या माणसाला हे सांगताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

रीस्टार्ट का नको, याचे दोन चटके खाल्लेत. एकदा घाईत लॉगरऐवजी व्हार्निशच रीस्टार्ट केलं. मेमरीतली कॅश रिकामी, आणि मागचे सर्व्हर सगळ्या विनंत्या एकदम अंगावर आल्यानं आडवे. दुसऱ्यांदा लॉगरच केला, पण त्याला जोडून लिहायला सांगणारा "ए" हा पर्याय द्यायला विसरले होते. त्यानं सकाळपासूनच्या नोंदींवरून बोळा फिरवला.

बुधवार

व्हार्निश स्वतः लॉगसाठी डिस्कला हात लावत नाही. नोंदी सामायिक मेमरीत टाकतं, मुळात ८० एमबीचा तुकडा, रहाटगाडग्यासारखा फिरणारा. वाचणारा मागे पडला तर त्याच्यासाठी थांबणं नाही, जुन्यावर नवं लिहिलं जातं आणि त्याला "लॉग ओव्हररन" एवढंच कळतं. २००६ साली पहिली आवृत्ती आली तेव्हापासून पॉल-हेनिंग काम्प यांची मांडणी अशीच आहे: पान देणाऱ्यानं डिस्कची वाट बघायची नाही. मला ती पटते. पण तिची दुसरी बाजू अशी की लॉगर मेला, सुजला, भलतीकडे लिहू लागला तरी कॅशला पत्ता नसतो, आणि मग आपल्यालाही नसतो. म्हणून आजपासून एक तपासणी: लॉग फाइलला पाच मिनिटांत नवी ओळ आली नाही तर फोन वाजवायचा.

गुरुवार

आज हसू आवरेना. हात घातलाच आहे तर प्रत्येक ओळीच्या शेवटी हिट (कॅशमधून दिलं) की मिस (मागच्या सर्व्हरवरून आणावं लागलं) हेही यावं म्हणून ओळीचा साचा युनिट फाइलमध्येच लिहिला. रीलोड करून उपयोग नव्हता, रीस्टार्ट केला (या वेळी "ए" आहे हे दोनदा बघून). पाहते तर येणाऱ्याच्या आयपीच्या जागी "/रूट", वेळेच्या जागी "/रन" आणि जिथे २०० (सगळं ठीक) हवं तिथे शेलचा पत्ता. साच्यातली टक्क्याची चिन्हं लॉगरपर्यंत पोचण्याआधीच सिस्टमडीनं आपली समजून भरून टाकली होती: त्याच्या लेखी एच म्हणजे होम, टी म्हणजे रन फोल्डर, एस म्हणजे शेल. टक्का दोनदा लिहिला की सुटतं. मी साचाच वेगळ्या फाइलमध्ये ठेवला. तिथे सिस्टमडीची नजर जात नाही.

त्यानंतर आयपी खरे येतील म्हटलं, तर प्रत्येक ओळ १२७.०.०.१, म्हणजे हेच मशीन. टीएलएस, म्हणजे ब्राउझरकडून येणारं कूटबद्ध संभाषण, आमच्याकडे व्हार्निशच्या पुढचा प्रॉक्सी उघडतो, तेव्हा व्हार्निशला तोच दिसणार. साच्यात मूळ आयपी सांगणारं एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर घातलं.

शुक्रवार, संध्याकाळ

लॉगरोटेट हातानं जबरदस्तीनं चालवून पाहिलं. आधी आणि नंतर आयनोडचे (नावाचे नव्हे, खऱ्या फाइलचे) क्रमांक तपासले: लॉगर नव्या फाइलवर आलाय, जुनी सुटलीय.

मग नुसतीच ओळी बघत बसले. हिट, हिट, हिट, मिस, हिट, हिट, मिस. दोन्ही मिस एकाच चित्रावर, मथळ्यातल्या लोगोवर. ओळी शोधणारा ग्रेप लावला. सकाळपासूनचं प्रत्येक मागणं मिस. प्रत्येक पानावर असलेलं, कधीही न बदलणारं चित्र, आणि ते दर वेळी मागच्या सर्व्हरवरून येतंय. उत्तराचे हेडर पाहिले तर त्यात सेट-कुकी, म्हणजे ब्राउझरला कुकी ठेवायला सांगणारी ओळ. असं उत्तर व्हार्निश मुळातच साठवत नाही. लोगोला कुकी कोण चिकटवतंय ते सोमवारी बघेन.