पुष्पकला नवं इंजिन का नाही टाकत?

"काका, बुलेटला टाकतात तसं यात नवीन इंजिन काऊन नाही टाकत?" नागपूरजवळ हिंगण्याच्या शेडमध्ये आम्ही एक जुनं विमान दुरुस्त करतोय. तिथे जो येतो तो चहा हातात घ्यायच्या आधी हेच विचारतो. इंजिनिअरिंगची पोरं विचारतात, नातेवाईक विचारतात, परवा कुरिअरवाल्यानेही विचारलं. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं नीट लिहूनच टाकतो.

आधी ओळख. विमान एचएएलचं, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं, पुष्पक. 1958 साली पहिलं पुष्पक उडालं आणि पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पोरं त्यावर शिकली. शेजारी-शेजारी दोन सीट, पंख डोक्यावर, आत स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा आणि वरून चक्क कापड. विमान माझं नाही. मालक वेगळे, मी हात काळे करणारा. वायुसेनेत एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचा कारागीर, होतो, शेवटची बदली इथल्या मेंटेनन्स कमांडला झाली आणि नागपूरचाच होऊन गेलो.

आता इंजिन. यात कॉन्टिनेन्टलचं सी-90 आहे, 90 अश्वशक्तीचं. विचारणाऱ्याचा मुद्दा चुकीचा नाही, हे आधी कबूल. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटरवर. पण मे महिन्यात दुपारी पारा 45 वर गेला की हवा इतकी विरळ होते, की इंजिनाला आणि पंखांना आपण 5 हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. 90 घोड्यांपैकी जेमतेम 77-78 कामावर येतात, बाकीचे सावलीत बसतात. दोन धडधाकट माणसं आणि भरलेली टाकी घेऊन अशा दुपारी धावपट्टी सोडायची म्हणजे जिवावर येतं.

मग लोक सुचवतात की त्याच घराण्यातलं ओ-200 टाका, 100 अश्वशक्तीचं. कागदावर 10 घोडे फुकट मिळतात. पण दोन्ही इंजिनांची सिलिंडरची क्षमता (सीसी म्हणतो ती) सारखीच आहे, सुमारे 201 घन इंच. सी-90 आपले 90 घोडे मिनिटाला 2475 फेऱ्यांवर देतं, तर ओ-200 ला शंभरीसाठी 2750 फेऱ्या मारायला लागतात. म्हणजे जास्तीची ताकद येते ती जोरात फिरून. जोरात फिरायचं तर प्रॉपेलर वेगळा हवा. आणि हळू विमानाला जमिनीवरून उचलायचं असेल तर लांब प्रॉपेलर सावकाश फिरलेला बरा. म्हणून जुने पायलट अजूनही सी-90 चं नाव काढलं की खूश होतात. माझंही मत तेच. ऑटोमोबाईलवाल्या पोरांना ते पटत नाही, ती फक्त आकडा बघतात.

त्याहून मोठं इंजिन? ते जड असतं आणि बसतं अगदी नाकाशी. नाक जड झालं की सी.जी., म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, पुढे सरकतो, उतरताना शेपूट खाली आणायला एलिव्हेटर (शेपटीची वर-खाली हलणारी फळी) अपुरा पडतो. मग शेपटीत शिसं भरा. म्हणजे ताकद वाढवायला वजन वाढवलं, आणि वजन उचलायला ताकद खर्ची घातली. शिवाय मूळ मान्यतेत नसलेला बदल म्हणजे डीजीसीएकडे, विमानांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याकडे, सगळी गणितं आणि चाचण्या घेऊन उभं राहणं. बुलेटवाल्याला फार तर चलान होतं.

"बरं, स्टार्टर तरी लावा!" नाही हो. या इंजिनाच्या नावात सी-90 नंतर 8 आहे. 12 असता तर मागच्या बाजूला स्टार्टर-जनरेटरची सोय असती. 8 म्हणजे हाताने प्रॉपेलर फिरवा. स्टार्टर, जनरेटर, बॅटरी मिळून पंधरा-वीस किलो सहज होतात, ते कोणाच्या पोटातून कमी करणार?

बदल आम्ही करतो, पण कापडात. पूर्वी सुती कापड असायचं. डोप नावाचा लेप मारला की ते आकसून ताठ व्हायचं आणि उन्हाने कुजायचं. आता पॉलिस्टर लावतो. ते इस्त्रीने ताणतं. इस्त्री साधीच, पण तिच्या बटणावर भरवसा नाही, थर्मामीटर लावून तपासायची. शेवटचा हात 175 अंश सेल्सिअसच्या आसपास. त्याच्या फार वर गेलात की कापड सैल पडतं आणि पुन्हा ताणत नाही. मग प्रत्येक रिबवर, म्हणजे पंखाच्या आतल्या आडव्या फासळीवर, शिवण. एकजण वरून लांब सुई खुपसतो, दुसरा खालून परत पाठवतो, मेणाच्या दोऱ्याला गाठ, जुन्या कापडावर जेवढ्या अंतरावर होती तेवढ्याच अंतरावर.

त्यावर डोप, आणि डोपवर रुपेरी थर. त्यात ॲल्युमिनियमची पूड असते, ऊन अडवायला, कारण पॉलिस्टरही उन्हात टिकत नाही. हा थर पुरेसा झाला का ते बघायची रीत मला फार आवडते. रात्री शेडमधले दिवे घालवायचे आणि पंखाच्या आत बल्ब पेटवायचा. कुठे उजेड दिसला, की तिथे अजून एक हात.

पेट्रोलचंही विचारतात. पंपावरचं चालत नाही. त्यात इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि जुन्या रबराच्या सीलना खातं. आमच्या खासदारांना इथेनॉलचं कितीही कौतुक असो, पुष्पकला नाही. ते विमानाचं पेट्रोल महाग पडतं, मालक कुरकुरत भरतात.

आणि उन्हाळ्यातल्या त्या हरवलेल्या घोड्यांचं काय? सोपं आहे, सकाळी साडेसहाला उडा आणि आठच्या आत चहाला या. दुपारी उडायचंच असेल तर एकट्याने, अर्धी टाकी घेऊन.

सध्या काम थांबलंय. पावसाळ्यात डोप मारला की हवेतली ओल धरून तो पांढरा पडतो, आणि मे मध्ये ब्रश पुढे सरकायच्या आत सुकतो. नागपुरात याला दिवाळीनंतरचे तीन-चार महिनेच मिळतात. तोवर खांद्यावरच्या पट्ट्यांच्या मंजुरीचे कागद पुढे सरकवतोय, मूळ विमानात नुसता कमरेचा पट्टा आहे. दिवाळीनंतर रिबची शिवण सुरू होईल, दुसऱ्या बाजूला सुई धरायला माणूस हवाच आहे. इंजिनाचा विषय मात्र काढायचा नाही.