तुम्ही विचारलंत म्हणून: चामड्यासाठी जुनं मशीन कोणतं घ्यावं?

"ताई, चामड्याचं काम सुरू करायचंय. जुनं इंडस्ट्रियल मशीन बघतोय. कुठलं घेऊ? आणि आपल्या पावसात ते टिकेल ना?" गोव्यात डिचोलीत बॅगा शिवायला बसल्यापासून हा प्रश्न मला सतत येतो. विचारणारे तऱ्हेतऱ्हेचे असतात. म्हापशात पायलटांच्या, म्हणजे भाड्यानं माणसं नेणाऱ्या मोटरसायकलींच्या सीटा शिवणारा मुलगा असतो, पुण्याहून येऊन हणजुणेत राहिलेली आणि पाकिटं करू पाहणारी मुलगी असते, सावंतवाडीचा चपलांचा दुकानदारही असतो. त्यांना मॉडेलचा नंबर हवा असतो. मी आधी विचारते, शिवणार काय? किती जाड? सपाट की गोल?

कारण जुन्या मशीनबद्दल आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे. लोखंड जितकं जड, तितकं मशीन चामड्याला चांगलं, असा. बाजारात लोक मशीनचं डोकं दोन्ही हातांनी उचलून बघतात आणि खूश होतात. पण चामड्यात सुई घुसवणं बहुतेक इंडस्ट्रियल मशिनांना जमतं. खरं काम पुढे आहे. सुई वर आली की चामडं नेमकं एक टाका पुढे सरकायला हवं, आणि वरचा थर खालच्या थरासकट सरकायला हवा. म्हणून माझं उत्तर एकच असतं. मशीनची ताकद नंतर बघा, ते माल कसा सरकवतं ते आधी बघा.

साध्या मशीनमध्ये माल फक्त खालून सरकतो. पट्टीतून दाते वर येतात आणि कापड पुढे ढकलतात. वरचा पाय नुसता दाबून धरतो. कापडाला एवढं पुरतं. चामडं मात्र त्या पायाला चिकटतं. खालचा थर पुढे जातो, वरचा मागे रेंगाळतो, आणि बॅगेच्या टोकाशी पोहोचेपर्यंत वरचा तुकडा बोटभर उरतो. कापडाची टीप उसवून पुन्हा मारता येते. चामड्यात सुईनं पाडलेलं भोक कायमचं राहतं. दुसऱ्यांदा त्याच ओळीत टीप मारली की तिथे चामडं तिकिटासारखं फाटतं.

टेलरांकडे वर्षानुवर्षं दिसणारं सिंगर ३१के किंवा त्याच धर्तीवर आपल्याकडे बनलेली मशिनं ही या खालून सरकवणाऱ्या जातीची. बकऱ्याचं मऊ, एक-सव्वा मिलिमीटरचं चामडं, दोन थर, सपाट काम, एवढ्याला ती छान चालतात. पाय बदलून टेफ्लॉनचा किंवा चाकाचा लावला तर चिकटणंही कमी होतं. पाकिटं करणाऱ्या त्या मुलीला मी हेच सुचवलं. कपड्यांच्या कारखान्यातून निघालेलं ज्युकी डीडीएल-८७०० मात्र चामड्यासाठी घेऊ नका. मशीन उत्तम आहे, पण मिनिटाला पाच हजारांवर टाके मारायला बनलेलं आहे. आपल्याला एकेक टाका बघत जायचं असतं. त्या वेगात चामड्यावर हात स्थिर राहत नाही.

बॅगा, पट्टे, सीटा शिवायच्या असतील तर चालत्या पायाचं मशीन घ्या. यात सुई स्वतः मालासोबत पुढे जाते, आतला पाय तिच्याबरोबर चालतो, आणि बाहेरचा पाय त्या वेळी उचलून पुन्हा पकड घेतो. खालून दाते असतातच. सगळे थर एकाच सुईनं टाचलेले असताना सरकतात, त्यामुळे वरचा थर मागे राहायला जागाच उरत नाही. सिंगरचं १११डब्ल्यू१५५ हे यातलं जुनं, भरवशाचं मशीन. नंबरातलं डब्ल्यू म्हणजे अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टचा कारखाना, जो आधी व्हीलर अँड विल्सनचा होता. पाय सुमारे नऊ मिलिमीटर उचलतो. दोरा अडकला तर आतला सेफ्टी क्लच सुटतो आणि हूक, म्हणजे खालून दोऱ्याचा फास पकडणारा भाग, वाचतो. जर्मन फाफ १४५ याच कामाचं. जपानी ज्युकी एलयू-५६३ त्या मानानं नंतरचं, बॉबिन मोठं, आणि आपल्या भागात सुटे भाग मिळण्याच्या दृष्टीनं मला तेच सर्वांत सोयीचं वाटतं. दोन मशिनं सारख्याच हालतीत समोर असतील तर मी देखण्या सिंगरवरून नजर काढून ज्युकी घेईन.

आता सिंगर २९के. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात हेच असतं, कारण ते दिसतंच तसं. लांब बारीक हात, वर मोठं चाक, चांभाराच्या दुकानात पायानं चालणारं. यातला के म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा किलबोवी कारखाना. तो १९८० साली बंद झाला. त्याच्या नावाचं सिंगर रेल्वे स्टेशन तिथे अजून आहे. या मशीनचा पाय स्वतःभोवती पूर्ण फिरतो आणि मालही वरून तोच सरकवतो. म्हणजे बूट न फिरवता टीप कुठल्याही दिशेला वळवता येते. बुटाच्या आत ठिगळ, बॅगेच्या कोपऱ्यातली उसवलेली चेन, तयार पर्सच्या तळाशी एक टीप, अशा जागी दुसरं कुठलंही मशीन पोहोचत नाही. दुरुस्तीसाठी माझा त्याच्यावर फार जीव आहे.

पण नवी बॅग त्याच्यावर शिवायला बसू नका. बॉबिन इवलंसं, ते सारखं भरावं लागतं. पायाला दाते असल्यानं चामड्याच्या दर्शनी बाजूवर ओरखड्यांची रांग उठते. जाड दोरा ते मनापासून घेत नाही. आणि वापरून झिजलं की टाका आखूड होत जातो, तो स्क्रू फिरवून वाढत नाही. पाय पुढे-मागे करणारे सांधे झिजले की प्रत्येक सांध्यातली ढिलाई टाक्यातून वजा होते. म्हणून २९के बघायला गेलात तर टाका सर्वांत मोठा ठेवून एक टीप मारा आणि पट्टीनं मोजा. चार-पाच मिलिमीटरच्या ऐवजी अडीचच भरत असेल तर ते मशीन फार राबलेलं आहे.

कोल्हापुरी करायची म्हणणाऱ्याला मी मशीनच घेऊ नका म्हणते. अस्सल कोल्हापुरीचा तळ चामड्याच्या वादीनं हातानं शिवतात. २०१९ मध्ये त्या चपलेला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हींकडच्या जिल्ह्यांसाठी. तिथे आरी आणि हात हवा.

मशीन बघायला जाताना स्वतःचं चामडं आणि स्वतःचा दोरा घेऊन जा. विकणारा पातळ रेक्झिनच्या तुकड्यावर टीप मारून दाखवतो, आणि त्यावर कुठलंही मशीन सुरेख चालतं. आधी पट्टा काढायला सांगा आणि चाक हातानं फिरवा. सगळा फेरा सारखा हलका गेला पाहिजे. एकाच जागी अडकत असेल तर आत काहीतरी वाकलेलं किंवा गंजलेलं आहे. सुईचा दांडा बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा. केसभर हालला तर चालेल, खडखडला तर नाही. मग मशीन मागे कलंडवा. रंग नवा आणि सोनेरी नक्षी चकचकीत असेल तर खाली जास्त लक्षपूर्वक बघा, कारण वरचा रंग बाजारात कुणीही मारून देतं. खालचं तेल वाळून तपकिरी लाखेसारखं झालेलं असेल तर घाबरू नका, ते निघतं. स्क्रूंच्या खाचा चावल्यासारख्या दिसत असतील तर मात्र विचार करा. सिंगरचे पुष्कळ स्क्रू स्वतःच्या वेगळ्या आट्यांचे असतात. कुणी तिथे साधा मेट्रिक स्क्रू जबरदस्तीनं पिळला असेल तर लोखंडातली आटी गेली, आणि तो भाग पुन्हा घट्ट बसत नाही. बीडाला चीर किंवा वेल्डिंगचा डाग दिसला तर उठून या.

हुकाचं टोक नखानं चाचपून बघा. तिथे खरवड लागली तर दोरा पिंजत जाईल. थोडी असेल तर बारीक एमरीनं घासून निघते. शेवटी आपल्या मालाचे दोन थर, मग चार थर, असा चढ करून हातानंच चाक फिरवत टीप मारा. चढावर टाका आखूड होता कामा नये. मागे जाण्याचा खटका असेल तर मागची टीप पुढच्याच भोकांत पडते का ते बघा.

मोटरबद्दल थोडक्यात. जुन्या टेबलांना क्लच मोटर, म्हणजे बटण दाबल्यापासून सतत फिरत राहणारी मोटर असते, मिनिटाला १,४४० किंवा २,८८० फेऱ्यांची. चामड्याला १,४४० वाली घ्या आणि मोटरची पुली लहान करा; पुलीचा व्यास निम्मा केला की वेगही निम्मा होतो. सर्वो मोटर, म्हणजे पाय दाबला तेवढीच फिरणारी इलेक्ट्रॉनिक मोटर, हळू चालते, गप्प असते, वीज वाचवते. पण मे महिन्यातल्या वळवाच्या विजा आणि पावसाळ्यातला खालीवर होणारा दाब तिच्या सर्किटला सोसत नाही, तेव्हा स्टॅबिलायझर लावा आणि काम संपलं की प्लग काढा. माझं २९के मी मुद्दाम पायावरच ठेवलं आहे. वीज गेली तरी ठिगळं थांबत नाहीत.

सुई आणि दोरा यांची जोडी चुकली की लोक मशीनला दोष देतात. चामड्याच्या सुईचं टोक धारेचं असतं, ते कापत जातं. कापडाच्या सुईचं गोल टोक धागे बाजूला सारतं. चालत्या पायाच्या मशिनांत कापडासाठी १३५×१७ आणि चामड्यासाठी १३५×१६ लागते. पाकिटावर डीपी लिहिलेलं असलं तरी तीच. २९केची सुई वेगळी, २९×३. लांबी सारखी दिसली म्हणून दुसरी सुई लावली की हूक दोऱ्याचा फास पकडत नाही आणि मशीन टीप सोडतं. बॉन्डेड नायलॉन, म्हणजे चामड्याला लागणारा मजबूत दोरा, याचा तिकीट नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. ४० नंबरच्या दोऱ्याला १८ ची सुई, २० नंबरला २२ ची. दोऱ्याची गाठ चामड्याच्या आत न जाता खाली दिसत राहिली तर टेन्शन पिळत बसण्याआधी एक नंबर जाड सुई लावून बघा. भोक लहान असेल तर गाठ वर येणार कशी?

आता पाऊस. पणजीत वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. हवा इतकी ओली असते की कपाटातल्या बॅगांवर हिरवी बुरशी येते. किनाऱ्याजवळ, कळंगुट-हणजुणेकडे, त्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. लोखंड अशा हवेत टिकतं, पण हाताखालचं. रोज चालणाऱ्या मशीनला मी पावसात गंज धरलेला क्वचितच पाहिला. गंजतं ते गणपतीला गावी जाताना प्लास्टिक गुंडाळून ठेवलेलं. प्लास्टिकच्या आत ओल कोंडते. सुती कापड टाका. वापर नसला तरी आठवड्यातून एकदा चाक फिरवून सगळ्या दांड्यांवर तेल पसरू द्या.

पायाखाली चामड्याचा तुकडा ठेवून मशीन बंद करायची सवय बऱ्याच जणांना असते. उन्हाळ्यात ठीक आहे. पावसाळ्यात तुकडा झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्याचा असेल तर त्यातलं टॅनिन आणि पायाचं लोखंड ओलीत एकमेकांशी लागतात. तुकडा काळा पडतो, पायाला गंज चढतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच काळा डाग नव्या बॅगेवर उमटतो. कापडाचा तुकडा ठेवा, किंवा पाय नुसता वर उचलून ठेवा.

तेल मशीनचंच वापरा, पाण्यासारखं पातळ. आपल्या घरात हाताशी खोबरेल असतं म्हणून लोक तेच घालतात. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं. मेमध्ये मशीन मस्त पळतं आणि डिसेंबरच्या पहाटे चाक हलत नाही. गोडेतेल त्याहून वाईट, ते वाळून गोंद होतं. असं घट्ट झालेलं मशीन जोर लावून फिरवू नका. तेलाच्या भोकांत थोडं रॉकेल सोडा, रात्रभर राहू द्या, हळूहळू फिरवा, मग मशीनचं तेल घाला. थिनर किंवा स्पिरिट जुन्या काळ्या रंगाला आणि नक्षीला लावू नका, ती उतरते. हुकाच्या जागी मी रोज सकाळी एक थेंब घालते आणि ब्रशनं चामड्याची भुकटी काढते, कारण भुकटी तेल पिऊन तिथेच घट्ट बसते. तेलानंतरची पहिली टीप वाया गेलेल्या तुकड्यावर मारा. चामड्यावर पडलेला तेलाचा डाग निघत नाही.

सोल्युशन, म्हणजे चामडं चिकटवायचा गोंद, लावून शिवत असाल तर ते पूर्ण वाळू द्या. ओलं सोल्युशन सुईला चिकटतं, सुई तापते, दोरा तुटतो, आणि पावसात ते वाळायला दुप्पट वेळ घेतं.

मशीन घेतलंत की त्याच आठवड्यात एक जादा बॉबिन केस, दोन-तीन नंबरांच्या सुयांची पाकिटं आणि दात्यांची एक जोडी आणून ठेवा. गोव्यात हे सगळं हवं तेव्हा मिळत नाही. मिस्त्री बेळगावहून किंवा मुंबईहून मागवतात आणि ऐन मोसमात काम अडतं.

काही जण आजीचं मशीन घेऊन येतात. गोव्यातल्या जुन्या घरांत ऑलिव्हा दिसतं, उत्तर पोर्तुगालमधल्या साँव जुआँव द मदैरा गावात बनलेलं. तिथे १९४८ पासून ही शिलाई मशिनं निघायला लागली. त्यावर चामडं शिवता येईल का, असं विचारतात. ते घरगुती मशीन आहे. पट्टा किंवा बॅग त्याच्यावर लादू नका, सुईचा दांडा आणि हूक दोन्हींचं सूत बिघडेल. पण पाकिटाचं अस्तर, एक मिलिमीटरपेक्षा पातळ बकऱ्याचं चामडं, चामड्याची १४ नंबरची सुई, बारीक दोरा आणि मोठा टाका, एवढं ते व्यवस्थित करतं. मोटर बसवू नका, पायावरच चालवा, आणि कोपऱ्यावर चाक हातानं फिरवा.