लॉट नंबरचा शिक्का

इंदूरला सांवेर रोडवरच्या आमच्या कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी बनतात. बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, काळात करार म्हणजे सियागंजच्या घाऊक बाजारात गादीवर बसून घेतलेला चहा. लेखी असलीच तर पर्चेस ऑर्डर, तीही माल पोचल्यावर.

एका ऑगस्टात एका गिऱ्हाइकाला पाच प्लायची, म्हणजे पाच थरांची, खोकी पाठवली. ऑक्टोबरात पैसे मागायला गेले, तेव्हा कळलं की खोकी मऊ पडली होती. पावसाळ्यात क्राफ्ट पेपर ओल धरतोच, पण ती आमच्याकडे धरली की त्यांच्या गोदामात फरशीवर रचल्यामुळे? माल कागदाच्या कोणत्या रिळाचा, हे आम्हालाच सांगता येईना. शेवटी निम्म्या पैशांवर भागवलं.

पुढचा करार वकिलाकडून करून घेतला. तक्रार सात दिवसांत, लेखी, लॉट नंबरासह, म्हणजे माल कोणत्या खेपेचा त्या आकड्यासह. माल पॅलेटवरच, म्हणजे जमिनीपासून उंच चौकटीवर, ठेवायचा. सह्या झाल्या आणि मग लक्षात आलं, आपल्याकडे लॉट नंबर आहे कुठे? मग प्रत्येक बंडलावर शिक्का सुरू झाला, गाडी भरण्याआधी ओल मोजणं सुरू झालं. इंग्रजी करार कपाटात. डिस्पॅचच्या टेबलावर त्याचा एकपानी हिंदी तक्ता: काम, कोणाचं, कधीपर्यंत. सुपरवायझर वाचून म्हणाला, "भाभीजी, ये पहले लगा देते!"

बाबांना पैसे उशिरा आले तर रोज दोन टक्के दंड हवा होता. वकिलाने 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 दाखवलं: आकडा कितीही लिहा, कोर्ट त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देतं. बाबा हिरमुसले. त्याऐवजी पेपरचा भाव पाच टक्के हलला की दर पुन्हा ठरवायचा, असं घातलं. दर 1 तारखेला भाव मी लिहून ठेवते. भाव उतरला तरी हेच लागू, हे बाबांच्या गळी उतरवायला आठवडा गेला.

पैसे द्यायची मुदत 45 दिवसांची. यावर बाबांचा टोमणा अजून चालू असतो, कारण लहान उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमई कायद्यात लेखी करार नसेल तर आमच्यासारख्या लहान कारखान्याला 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत. करार असला तर जास्तीत जास्त 45. "लिहून देऊन तीस दिवस घालवलेस!" खरंय. पण तेव्हा कायदा असूनही पैसे तीन-तीन महिन्यांनी यायचे.

यंदा जुलैत त्याच गिऱ्हाइकाची तक्रार चौथ्या दिवशी आली, लॉट नंबरासह. नोंद काढली तर चूक आमचीच, गोंद पुरता वाळलाच नव्हता. दोनशे खोकी बदलून दिली.