दिवे घाटापलीकडचे गोटे

दगड गोळा करायला चाललोय म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "घरात काय कमी आहेत?" रोख कुणाकडे होता ते मी विचारलं नाही. चिरंजीव, वय वर्षे नऊ, तोवर बूट घालून लिफ्टपाशी उभे होते.

याची सुरुवात पावसाळ्यातल्या एका रात्री वीज गेली तेव्हा झाली. सोसायटीच्या बांधकामाच्या ढिगातून त्याने दोन पांढऱ्या गारगोट्या आणून ठेवल्या होत्या. आम्ही लहानपणी करायचो तसं मी त्या अंधारात एकमेकींवर जोरात घासल्या. आतून पिवळसर उजेड चमकला आणि तो ओळखीचा जळका वास आला. मग त्याने बादलीत, पाण्याखाली घासून पाहिल्या. तिथेही चमकल्या. म्हणजे ही आगीची ठिणगी नव्हे, घासताना खुद्द स्फटिकातूनच उजेड निघतो. "मग आत आहे तरी काय?" हा प्रश्न तेव्हापासून आमच्या घरात मुक्कामाला आहे.

पुणेकराला याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. आपण राहतो तोच मुळी लाव्हा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आलेला, थंड होऊन काळा कातळ झालेला. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर याच कातळात कोरलंय. लाव्हा निवताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकून राहतात आणि दगडात पोकळ्या उरतात. पुढे त्यांत सिलिका, म्हणजे गारगोटी ज्याची बनते ते द्रव्य, विरघळलेलं पाणी झिरपतं आणि भिंतीपासून आतल्या बाजूला थर साचत जातात. आधी बारीक कणांचा अकीक, मग जागा उरलीच तर गारेचे, म्हणजे गारगोटीच्याच खनिजाचे, टोकदार स्फटिक. पोकळी पुरती भरली तर भरीव गोटा, मध्ये जागा राहिली तर जिओड. भोवतीचा कातळ झिजून माती झाला तरी हे कडक गोटे टिकतात आणि ओढ्यात, शेतात सुटे सापडतात.

पहिल्यांदा आम्ही वाघोलीला गेलो होतो. तिथल्या खाणींत कॅव्हन्साइट नावाचं निळंशार खनिज निघालंय, ज्यासाठी वाघोलीचं नाव जगभरच्या संग्राहकांना पाठ असतं. एका खाणीच्या फाटकावरच्या वॉचमनने आम्हाला परत पाठवलं आणि बरोबरच केलं. सुरुंग लावतात तिथे नऊ वर्षांचं पोर घेऊन जायचं माझंच डोकं फिरलं होतं.

म्हणून या वेळी दिवे घाट. हडपसर ओलांडेपर्यंतच्या ट्रॅफिकबद्दल लिहीत नाही, ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. घाट चढताना खाली मस्तानी तलाव दिसतो. पण चिरंजिवांची मान दुसऱ्या बाजूला, रस्त्यासाठी कापलेल्या भिंतीकडे. कुठे काळा घट्ट थर, कुठे ठिसूळ तपकिरी, त्यात दहीबुंदीसारखे पांढरे ठिपके. ते ठिपके म्हणजे भरलेले बुडबुडे. घाटात गाडी थांबवायची नाही हे आधीच ठरलं होतं. ती तहनाम्याची पहिली अट होती.

वर सपाटीला लागल्यावर रस्त्याकडेला सीताफळं घेतली आणि विकणाऱ्या काकांनाच विचारलं. त्यांच्याच शेताच्या खालून ओढा जात होता. "तुमच्या बांधावरचे गोटे नेले तर चालतील का?" "न्या की! सगळेच न्या. नांगराचा फाळ बोथट करतात नुसते."

दोन तास आम्ही वाकून होतो. आधी रंगाकडे बघायचं सोडावं लागतं. काळा कातळ फुटतो तो कोनाकोपऱ्यांनी, आणि आपल्याला हवा असतो गोलसर, अंगावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगवटे असलेला, कधी हिरवट साल चिकटलेला गोटा. मग लोखंडी खिळा ओढून बघायचा. गार कडक, खिळ्याने चरा पडत नाही. चरा पडला तर बहुधा कॅल्साइट हे मऊ खनिज, आणि त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला की बुडबुडे येतात. चिरंजिवांनी व्हिनेगरची अख्खी बाटली पहिल्या अर्ध्या तासात, बहुतेक साध्या मातीवर, संपवली.

पिशवीत शेवटी दोन गोटे उरले. एक माझा, सोललेल्या नारळाएवढा, देखणा. एक त्याचा, मोसंबीएवढा, एका बाजूने चेपलेला. माझ्यात नक्की पोकळी आहे, असं मी घाट उतरेपर्यंत तीनदा सांगितलं. त्याने फक्त दोन्ही हातांत दोन गोटे धरून वरखाली केले.

घरी स्वयंपाकाच्या काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून काटा शून्यावर आणला. दोरीला बांधलेला गोटा पाण्यात पूर्ण बुडवायचा, पण तळाला टेकू द्यायचा नाही. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे मिलिलिटर गोट्याचं आकारमान. त्याचा गोटा कोरडा ६४० ग्रॅम, पाण्यात काटा ३००. वजन भागिले आकारमान, भागाकार २.१३. माझा ११५० ग्रॅम, काटा ४३५. भागाकार २.६४. भरीव गारेचा आकडा साधारण २.६५, त्याहून बराच कमी आला तर आत पोकळी. एखाद्या गोट्यातून पाण्यात बुडबुडे येत राहिले तर त्याला चीर आहे, आत पाणी शिरतंय, म्हणजे आकडा फसवा. दोन्हींतून बुडबुडे आले नाहीत. "आई, तुझा भरीव आहे," तो म्हणाला. मी म्हणाले, पाचशे रुपयांच्या काट्यावर इतका भरवसा ठेवू नये.

छिन्नी-हातोड्यानेही फोडता येतो. गोटा गोणपाटात धरून मधोमध फिरवत हलके घाव घालत जायचं, आणि चष्मा लावायचाच. पण बहुधा तुकडे वेडेवाकडे होतात. कापायचा तर हिऱ्याचं ब्लेड आणि सतत पाणी. कोरडं कधीच नाही, कारण सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, तिने सिलिकॉसिस होतो. आम्ही कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या एका ग्रॅनाइटवाल्याला पटवलं. गोल वस्तू मशीनवर घसरते, म्हणून आदल्या रात्रीच दोन्ही गोटे श्रीखंडाच्या डब्यांत प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून अर्धे बसवले होते.

"ताई, हे ब्लेड खाईल," तो कारागीर म्हणाला. पण उत्सुकता त्यालाही होती. माझा आधी. दुधाळ पाणी, कर्कश आवाज, चिरंजीव कान दाबून पिवळ्या रेषेच्या मागे. डब्यातून दोन भाग निघाले. आत दुधी-राखाडी, एकही पट्टा नाही, भिजवलेल्या साबुदाण्याचा गोळा. कुणी काही बोललं नाही, म्हणजे मीच काही बोलले नाही.

मग त्याचा. मध्यावर ब्लेडचा आवाज एकदम हलका झाला आणि कारागिराने माझ्याकडे पाहिलं. बोटभर जाडीची भिंत, निळसर पट्टे, आणि आत साखरेसारखे चमचमणारे स्फटिक, चिखलाने माखलेले. ब्लेड बाहेर पडलं त्या कडेचे स्फटिक तुटले होते. जांभळा रंग मिळेल अशी त्याला आशा होती, तो नव्हता. अर्धा गोटा त्याने कारागिराला देऊन टाकला. मला वाटलं होतं, तो दोन्ही भाग आणेल.

उरलेल्या अर्ध्यावर काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून घासणं सुरू आहे. आधी १२०, मग २२०, आता ४००. प्रत्येक नंबरच्या आधी गोटा नीट धुवायचा, नाहीतर जाड कण मागे राहतो आणि सगळी मेहनत ओरखड्यांत जाते. बाथरूमची जाळी एकदा तुंबली आहे.

माझा भरीव गोटा ओट्यावर आहे. अकीक कडक आणि घट्ट असतो, प्रयोगशाळांतले काही खलबत्ते त्याचे करतात, हे मी सासूबाईंना सांगून बसले. तेव्हापासून त्या त्याने लसूण ठेचतात.